करार शेती : सही करण्यापूर्वी दरापलीकडे काय पाहावे?

सातारा जिल्ह्यातील खटाव, कोरेगाव भागात खरिपात वेफर्ससाठी बटाट्याची करार शेती केली जाते. कंपनी बियाणे पुरवते, ठरलेल्या दराने माल घेते आणि बियाण्याची रक्कम बिलातून कापते. बाजार पडला तरी दर बांधलेला, हा यातील मोठा फायदा. मात्र वादाचे मूळ बहुधा प्रतवारीत असते.

माल का नाकारला जातो?

वेफर्सच्या बटाट्यात शुष्क पदार्थ जास्त आणि साखर कमी लागते. साखर वाढली की तळताना वेफर काळपट पडतो. हिरवट, कुजके, चिरलेले आणि लहान बटाटेही बाजूला काढले जातात. काढणी परतीच्या पावसात सापडली की कूज वाढते. नाकारलेला माल मिळेल त्या भावात विकावा लागतो, बियाण्याची कपात मात्र पूर्ण होते.

खरेदीची हमी कोणाची?

सांगली जिल्ह्यात इस्लामपूर येथे कडकनाथ कोंबडीपालनात अंडी व पक्षी परत विकत घेण्याचे आश्वासन देऊन शेतकऱ्यांकडून आगाऊ पैसे घेण्यात आले. २०१९ मध्ये खरेदी थांबली आणि प्रकरण पोलिसांत गेले. बाजारात स्वतंत्र गिऱ्हाईक नसलेल्या मालात एकाच खरेदीदारावर विसंबणे किती महागात पडते, हे यातून दिसले.

करारात हे मुद्दे लेखी घ्या

- प्रतवारी कोठे, कोण आणि तुमच्या समक्ष करणार का?
- आकार, कूज व हिरवटपणाची मर्यादा आकड्यांत किती?
- काढणीनंतर किती दिवसांत माल उचलणार? उशिरामुळे झालेली घट कोणाची?
- निकृष्ट बियाणे किंवा अतिवृष्टीने पीक गेल्यास बियाण्याची वसुली होणार का?
- पैसे किती दिवसांत मिळणार? उशीर झाल्यास व्याज किती?
- वाद कोठे सोडवणार?

बाजारभाव चढला म्हणून माल बाहेर विकल्यास करारभंग तुमच्याकडून होतो आणि पुढे दाद मागणे अवघड जाते, हेही ध्यानात ठेवा.

केंद्राचा २०२० चा करार शेती कायदा २०२१ मध्ये रद्द झाला. त्यामुळे तोंडी भरवशावर राहू नका. मराठीतील सही-शिक्क्याची प्रत, बियाण्याची पावती, वजनकाट्याची चिठ्ठी जपून ठेवा. माल नाकारला तर कारण त्याच दिवशी लेखी मागा.