ए.आय. संशोधनात लवकर पुढे जायचे तर

गेल्या लग्नसराईच्या अखेरीस आमच्या दुकानावर एक टेलर मास्टर आले. वीस-बावीस वर्षांपासून ते आमच्याकडून अस्तर, बुकरम आणि सुटाचे कापड नेतात. उधारी कधी महिन्यापलीकडे गेली नाही. त्या दिवशी मात्र माल न पाहता बसून राहिले. चहा झाल्यावर म्हणाले, "भाईजान, ओव्हरलॉकचे मशीन आणि एक शिलाई मशीन काढून टाकावे म्हणतो. कोणी गिऱ्हाईक असेल तर सांगा."

कारण विचारले तेव्हा उलगडा झाला. त्यांचा मुलगा येथेच गोंदियात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मोबाईलवर त्याने एका मोठ्या शहरातील क्लासची जाहिरात पाहिली. 45 दिवसांत ए.आय. संशोधक, फी 80 हजार रुपये. ए.आय. म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता, हे आता पानठेल्यावरही माहीत आहे. मुलगा हुशार आहे, मागे पडू नये, एवढीच मास्टरांची तळमळ.

आम्ही त्यांना दोन आठवडे थांबायला सांगितले. याचे कारण आमच्याच घरात आहे. तीन वर्षांपूर्वी आमच्या भाच्यासाठी अशाच एका क्लासची फी आम्ही आमच्या गल्ल्यातून भरली होती. प्रमाणपत्र आले, तेही लॅमिनेट केलेले. पण तेथे त्याने केले काय? दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्राम उतरवून घेतला, बटण दाबले आणि पडद्यावर उत्तर पाहिले. हे उत्तर असेच का आले, असे शिकवणाऱ्याला विचारले तर "ते पुढच्या कोर्समध्ये" असे सांगण्यात आले. पुढच्या कोर्सची फी अर्थातच वेगळी होती. प्रमाणपत्र आजही आमच्या खातेवह्यांच्या कपाटात पडून आहे. भाचा नंतर नागपूरला इंजिनिअरिंगला गेला आणि खरी तालीम त्याने पुढे स्वतः शोधून घेतली. या लेखातील बरीच माहिती त्याच्याकडूनच आम्हास मिळाली.

प्रथम एक घोळ दूर केला पाहिजे. कापडाच्या धंद्यात विकणारा वेगळा, शिवणारा वेगळा आणि विणणारा वेगळा. ए.आय.मध्येही तसेच आहे. तयार यंत्राला प्रश्न विचारून काम करून घेणे हा एक भाग झाला, आणि तो महिनाभरात कोणालाही जमतो. तयार यंत्र घेऊन दुकान, दवाखाना किंवा राईस मिलसाठी सोयीची व्यवस्था बसवणे हा दुसरा. संशोधन म्हणजे नवा विणीचा प्रकार शोधून तो टिकतो हे सिद्ध करणे. जाहिरातवाले पहिले काम शिकवतात आणि नाव तिसऱ्याचे लावतात.

मग संशोधनात लवकर पुढे गेलेला कोणी आहे काय? आहे, आणि तो अमेरिकेत शोधावा लागत नाही. गोंदियाहून निघणारी महाराष्ट्र एक्सप्रेस ज्या पुण्यावरून कोल्हापूरला जाते, त्या पुण्यातच आहे.

पुणे इन्स्टिट्यूट ऑफ कॉम्प्युटर टेक्नॉलॉजी, म्हणजे पीआयसीटी, या कॉलेजातील चार विद्यार्थ्यांनी 2021 मध्ये रविराज जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली एक काम प्रसिद्ध केले. विद्यार्थी डॉक्टरेटचे नव्हते, पदवीचे होते. रविराज जोशी हे आयआयटी मद्रासचे. 'एल-थ्री-क्यूब' या नावाने ते पुण्यातील मुलांना संशोधनाची वाट दाखवतात. या मुलांनी पाहिले की भावना ओळखण्याच्या कामात इंग्रजी, अरबी, रशियन, चिनी तर पुढे आहेतच, पण हिंदी, बंगाली, तमीळमध्येही बरेच झाले आहे. मराठी मात्र मागे. 2011 च्या जनगणनेप्रमाणे 8 कोटींहून अधिक लोकांची भाषा, आणि यंत्राला शिकवायला नमुनेच नाहीत.

त्यांनी मोठा शोध लावण्याचा हट्ट धरला नाही. ट्विटरवरून सुमारे 16 हजार मराठी संदेश गोळा केले आणि प्रत्येकाला चिठ्ठी लावली. चांगल्या भावाचा असेल तर 1, वाईट भावाचा असेल तर उणे 1, दोन्ही नसेल तर 0. कोणत्या संदेशाला कोणती चिठ्ठी, याचे नियम लिहून काढले. मग निरनिराळ्या पद्धतींची यंत्रे त्यावर शिकवून कोण किती बरोबर सांगते हे मांडले. तो संच 'महासेंट' या नावाने सर्वांना खुला केला. मराठीत असा मोठा व खुला संच तोपर्यंत नव्हता. एका आंतरराष्ट्रीय कार्यशाळेत तो निबंध स्वीकारला गेला.

पुढच्या वर्षी त्याच गटाने 25 हजार वाक्यांत व्यक्ती, गाव, संस्था, तारीख अशी आठ प्रकारची नावे हाताने खुणावली. शिवाय 2 कोटी 48 लाख मराठी वाक्यांचा साठा जमवून त्यावर मराठीचे स्वतंत्र यंत्र शिकवले. आज मराठीवर काम करणारा कोणीही या साठ्याला वळसा घालून जाऊ शकत नाही.

हे ऐकून आम्ही भाच्याला म्हणालो, "चिठ्ठ्या लावणे हे कसले संशोधन? आमचा नोकर ताक्यांना रोज चिठ्ठ्या लावतो." तो हसला. म्हणाला, "मामू, पन्नास वाक्ये तुम्ही लावा, तीच मी लावतो. एकमेकांचे पाहायचे नाही." दुकान बंद केल्यावर आम्ही बसलो. मिळवून पाहिले तर 50 पैकी 14 ठिकाणी मामा-भाच्यांचे जुळले नाही! "वा, नगरपालिकेने फारच छान रस्ता केला" हे वाक्य त्याने चांगल्यात टाकले होते. आम्ही त्या रस्त्यावरून रोज जातो, म्हणून वाईटात टाकले. "भाव उतरला" हे शेतकऱ्यासाठी वाईट, गिऱ्हाइकासाठी चांगले, मग चिठ्ठी कोणाच्या बाजूने? दोन माणसांचे जुळत नसेल तर बिचारे यंत्र काय शिकणार? त्या रात्री आम्हास उमगले की खरा प्रश्न चिठ्ठीचा नसून नियमाचा आहे, आणि तो नियम घडवण्यात हुनर आहे. तो भाषा जगलेल्या माणसालाच घडवता येतो. तेथे परदेशातील मोठा विद्वानही आमच्या मास्टरांच्या मुलापुढे लहान ठरतो.

आता दुसरी एक गोष्ट, जी नवशिके हमखास चुकतात. कापड आटते की नाही हे पाहायला आपण तुकडा कापून धुतो. मात्र धुऊन आटवलेला तुकडाच पुन्हा धुतला आणि म्हटले, "बघा, आटत नाही," तर ती गिऱ्हाइकाची फसवणूक. यंत्राला ज्या वाक्यांवर शिकवले त्यांच्यावरच परीक्षा घेतली तर तेच होते. ते शंभरपैकी अठ्ठ्याण्णव आणते, आणि नव्या वाक्यापुढे गळून पडते. म्हणून पुण्याच्या मुलांनी सुमारे 12 हजार संदेश शिकवायला ठेवले, दीड हजार मधल्या पारखीला आणि सव्वादोन हजार शेवटच्या परीक्षेला. शेवटच्यांना शिकवताना हात लावायचा नाही. ही इमानदारी ज्याच्या अंगात पहिल्या महिन्यात मुरली, त्याचे पुढचे वर्षभराचे श्रम वाचले.

गणिताविषयी मात्र सूट नाही. लवकर म्हणजे गणित टाळून, असे कोणी सांगत असेल तर तो विक्रेता आहे. आपल्या जलशांत अल-ख्वारिज्मींचे नाव मोठ्या अभिमानाने घेतले जाते. अल्जेब्रा हा शब्द त्यांच्या किताबावरून आणि अल्गोरिदम हा त्यांच्या नावावरून आला, हे खरेच आहे. पण दहावीनंतर त्याच अल्जेब्राला घाबरून पळणारी मुलेही आम्ही आपल्याच मोहल्ल्यात पाहतो. ए.आय.ला लागते ते मुख्यतः तीन प्रकारचे. एक आडव्या-उभ्या रांगांतील आकड्यांचे गणित, म्हणजे ताण्या-बाण्याचाच हिशोब. दुसरे कलन, आणि तिसरे संभाव्यता. कलन कशाला? मास्टर कोटाची ट्रायल घेतात, खांदा अर्धा इंच सैल निघतो, ते खडूने खूण करून कमी करतात, पुन्हा ट्रायल. यंत्रही असेच अंदाज करते, चूक मोजते आणि आपले आकडे थोडे थोडे सरकवते. कोणता आकडा कोणत्या बाजूला किती सरकवायचा, हे कलन सांगते. ट्रायल मात्र लाखो वेळा होते. ही पद्धत बहुथरी यंत्रांना कशी लावावी याचा गाजलेला निबंध 1986 चा आहे. त्याच्या तीन लेखकांपैकी जेफ्री हिंटन यांना 2024 मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मध्ये अडतीस वर्षे गेली! तेव्हा "लवकर" हा शब्द बेतानेच वापरावा. बारावीचे गणित पक्के असेल तर रोज दोन तास देऊन वर्ष-दीड वर्षात एखाद्या छोट्या कामापुरते उभे राहता येते, असा भाच्याचा अंदाज आहे.

यासाठी पैसे किती? शिकण्यासाठी जवळजवळ नाहीच. आयआयटीच्या प्राध्यापकांचे वर्ग एनपीटीईएलवर मोफत पाहता येतात, परीक्षा द्यायची तरच फी. त्यात मितेश खापरा यांचा या विषयावरचा संपूर्ण अभ्यासक्रम आहे. भारी यंत्र लागते तेव्हा कोलॅब व कॅगल येथे काही तास फुकट मिळते. निबंध वाचायलाही पैसे पडत नाहीत. अडचण आहे ती इंग्रजीची. आम्ही उर्दू शाळेत शिकलो, मराठी गल्ल्यावर बसून शिकलो आणि इंग्रजी अजूनही अडखळत वाचतो, म्हणून ही अडचण आम्ही हलकी मानत नाही. पण महिन्याला एकच निबंध घेऊन तो पेन्सिल हातात धरून दहा वेळा वाचणे आणि त्यातील निकाल स्वतः काढून पाहणे, हे जमण्यासारखे आहे. जुन्या उस्तादाचा नमुना हुबेहूब उतरवल्याशिवाय शागिर्दाला स्वतःची बुट्टी काढू देत नसत. येथेही रीत तीच.

डॉक्टरेट नसेल तर दार बंद, असेही नाही. आज जगभर चालणाऱ्या बोलक्या यंत्रांचा पाया ज्या निबंधाने घातला तो 2017 चा आहे. त्याचे आठ लेखक. त्यात एक निकी परमार. याच पीआयसीटीतून इंजिनिअर झाल्या, अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात मास्टर्स केले आणि तेथून गुगलमध्ये गेल्या. निबंधात आठही जणांचा वाटा समान आहे असे लिहिले आहे. त्यातले छोटे यंत्र आठ चिपांच्या एका मशीनवर 12 तासांत आणि मोठे साडेतीन दिवसांत शिकून तयार झाले. हे ऐकायला सोपे वाटते. पण निकी परमार जाणकारांच्या गटात बसून शिकल्या आणि पुण्याच्या मुलांनाही मार्गदर्शक होता. आम्ही जेवढ्यांचे ऐकले त्यांत एकटा खोलीत बसून लवकर पुढे गेलेला कोणी सापडला नाही. कारखान्यात उस्तादाच्या मांडीला मांडी लावून जे सहा महिन्यांत येते ते किताबातून सहा वर्षांत येत नाही, हे कारागीर बिरादरीला सांगायची गरज नाही. उस्ताद मिळवायचा तर त्याला नुसते "शिकवा" असे लिहू नये. त्याच्या कामातील एक निकाल काढून पाहावा, कोठे जुळले नाही ते दाखवावे आणि मग पत्र लिहावे.

राहिला प्रश्न गोंदियाच्या मुलाने कोणता विषय धरावा. आमच्या दुकानावर एका दिवसात हिंदी, उर्दू, मराठी, छत्तीसगढी, पोवारी आणि झाडीबोली ऐकू येते. झाडीबोलीत पाण्याला पानी म्हणतात, डोळ्याला डोरा. प्रमाण मराठीवर शिकलेले यंत्र अशा बोलीपुढे गांगरते. भाच्याने आमच्यासमोर तपासून दाखवले. पुण्याच्या मुलांपुढे जसे मराठीचे रान मोकळे होते तसे आज या बोलींचे आहे. केंद्र सरकारच्या भाषिणी मोहिमेत व आयआयटी मद्रासच्या 'एआय-फॉर-भारत'मध्ये अनुसूचीतील 22 भाषांवर मोठे काम चालू आहे, पण आमगाव-सालेकसाच्या आठवडी बाजारातील बोली त्या 22 मध्ये नाही. मात्र गिऱ्हाइकाचे बोलणे त्याला विचारल्याशिवाय उतरवून घेऊ नये. नाव-गाव तर मुळीच लिहू नये.

दोन आठवड्यांनी मास्टर मुलाला घेऊन आले. आम्ही व भाच्याने फोनवरून वरचे सारे सांगितले. मुलगा जरा हिरमुसला. 45 दिवसांचे दीड वर्ष झाले, कोणालाही कडूच लागेल. मास्टरांनी मशीन विकले नाही, क्लासची गाडीही सोडली. मुलगा आता सकाळी गणिताचे वर्ग मोबाईलवर पाहतो आणि संध्याकाळी तासभर आमच्या दुकानात बसतो. गिऱ्हाइकाची परवानगी घेऊन झाडीबोलीची वाक्ये वहीत उतरवतो, समोर प्रमाण मराठी लिहितो. पुण्याला पत्र अजून पाठवलेले नाही. भाचा म्हणतो, आधी हजार होऊ द्या. गेल्या शुक्रवारपर्यंत 312 झाली होती. त्यातील 20-22 वाक्यांचा अर्थ आम्हास पटलेला नाही, आणि त्यावरून रोज संध्याकाळी आमची व त्याची जुंपते.