संकेतस्थळांची इर्जिक

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. गतवर्षी नांदेडला संकेतस्थळे बनविणारे आम्ही नऊ जण एकत्र जमणार होतो, तेव्हा वडिलांनी विचारले, "तिथं मिळतं काय?" मी म्हणालो, "अण्णा, ही इर्जिक आहे." ते लगेच समजले.

इर्जिकीत शेजारी आपापले बैल आणून एकाचे रान नांगरून देतात. मजुरी नाही, फक्त जेवण. इथेही तसेच. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली सुचविलेले वेब सर्न या संस्थेने ३० एप्रिल १९९३ रोजी सर्वांना विनामूल्य खुले केले. २००३ साली आलेले वर्डप्रेसही असेच खुले. त्याचा पहिला 'वर्डकॅम्प' मेळावा २००६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला भरला.

यजमानाने काय करावे? खोली, पडदा व चहा पाहावा. लातूरकरांची शेवटची एस.टी. चुकू देऊ नये. वीज जाते, म्हणून फळा-खडू हवाच. प्रत्येकाने अडलेले एक काम आणावे.

त्या दिवशी इंग्रजीच्या धास्तीने मी गप्प होतो. इतरही गप्पच. शेवटी लातूरच्या एका मुलीने सरळ मराठीत विचारले, "माझं पान मोबाईलवर अर्धंच का दिसतं?" तिने रुंदी ठरावीक पिक्सेलांत दिली होती, टक्क्यांत देताच पान मावले. मग सर्वांच्याच जिभा सुटल्या. माझेही अडलेले काम निघाले.

ज्याचे रान नांगरले, त्याने पुढे बैल घेऊन जायचे, हा इर्जिकीचा नियम. पुढची बैठक लातूरला आहे. मला गेलेच पाहिजे.