रुग्ण असलेल्या घरासाठी वाय-फाय राउटर कसा निवडावा?

हृदयविकार, मधुमेह किंवा पक्षाघाताच्या रुग्णाला दवाखान्यातून घरी आणल्यावर फेरतपासण्या सुरू होतात. परंडा, भूम किंवा उमरग्याहून सोलापूर-लातूरला जायचे म्हणजे गाडीभाडे, अख्खा दिवस आणि सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी. मार्च 2020 मध्ये केंद्र सरकारने दूरध्वनी व व्हिडिओवरून सल्ला देण्याबाबत डॉक्टरांसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्याच वर्षी ई-संजीवनीची मोफत बाह्यरुग्ण सेवाही सुरू झाली. त्यामुळे काही फेरतपासण्या आता घरूनच होतात. मात्र बोलता बोलता चित्र अडकले, तर पायावरची सूज, लागलेली धाप किंवा जखमेचा रंग डॉक्टरांना नीट दिसत नाही. म्हणून राउटरची निवडही विचारपूर्वक करायला हवी.

राउटरच्या लहरींनी अपाय होतो का?

हा प्रश्न बहुतेक कुटुंबे विचारतात. राउटर रेडिओलहरी सोडतो. क्ष-किरणांप्रमाणे पेशीतील डीएनए तोडण्याइतकी ऊर्जा या लहरींमध्ये नसते. मायक्रोवेव्ह ओव्हनमध्येही साधारण त्याच कंपनसंख्येच्या लहरी असतात हे खरे आहे. पण ओव्हनची ताकद सातशे ते हजार वॅट असते, तर घरगुती राउटरची साधारणपणे एक वॅटहूनही कमी. शिवाय अंतर दुप्पट झाले की लहरींची तीव्रता सुमारे एक चतुर्थांश उरते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2011 मध्ये रेडिओलहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ अशा 2बी गटात ठेवले. त्यामागे मुख्यतः कानाला लावून मोबाइल खूप वापरणाऱ्यांच्या अभ्यासांतील मर्यादित पुरावा होता. जागतिक आरोग्य संघटनेनेच करवून घेतलेल्या 2024 च्या आढाव्यात मोबाइल वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. राउटर तर शरीरापासून आणखी दूर असतो. त्यामुळे गरोदर स्त्री, लहान मूल किंवा कर्करोगाचा रुग्ण घरात आहे म्हणून राउटर काढून टाकण्याची गरज नाही. ‘रेडिएशन रोखणारे’ स्टिकर आणि लॉकेट यांवर पैसे खर्च करू नका.

पेसमेकर बसवला असेल तर राउटर छातीपासून किमान वीतभर दूर असावा. भिंतीवर लावला की हे अंतर आपोआप राखले जाते. खरी काळजी मोबाइलमधल्या आणि इअरबडच्या डबीतल्या लोहचुंबकांची घ्यावी. या वस्तू छातीच्या खिशात ठेवू नका. आपल्या पेसमेकरच्या पुस्तिकेतील सूचना अंतिम माना.

रुग्णाच्या खाटेपर्यंत सिग्नल पोहोचतो का?

आपल्या भागातल्या जुन्या माळवदाच्या घरांच्या दगडमातीच्या भिंती खूप जाड असतात. 1993 च्या भूकंपानंतर उमरगा-लोहारा भागात अनेक घरे नव्याने बांधली गेली. त्यांतल्या सिमेंट-काँक्रीटमधून आणि पत्र्यांमधूनही सिग्नल कमजोर होतो. 5 गिगाहर्ट्झचा सिग्नल वेगवान असतो, पण भिंतीपाशी अडतो. 2.4 गिगाहर्ट्झचा वेग कमी, पण तो दूरवर जातो. म्हणून दोन्ही असलेला ‘ड्युअल बँड’ राउटर घ्यावा. वाय-फायवर चालणारी काही घरगुती उपकरणे फक्त 2.4 वरच चालतात.

राउटर घराच्या मध्यभागी, उंचावर आणि उघड्यावर ठेवा. लोखंडी कपाटात किंवा टीव्हीमागे नको. मधे दोन-तीन जाड भिंती असतील तर महाग राउटर घेण्यापेक्षा रुग्णाच्या खोलीपर्यंत केबल ओढून तिथे दुसरा छोटा राउटर लावणे अधिक उपयोगी ठरते.

व्हिडिओ सल्ल्याला 2 ते 3 एमबीपीएस वेग पुरतो, पण तो अपलोडलाही मिळायला हवा. ‘100 एमबीपीएस’ ही जाहिरात पाहण्यापेक्षा रुग्णाच्या खाटेवर बसून घरातल्याच कुणाला तरी दहा मिनिटे व्हिडिओ कॉल करून पाहा.

लाईट गेली तर?

बरेच घरगुती राउटर 12 व्होल्टवर चालतात. त्यांच्यासाठी मिळणारा छोटा यूपीएस काही तास पुरतो. घेताना व्होल्ट आणि अँपिअर जुळतात का ते पाहा. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही यूपीएस हवा, नाहीतर राउटर चालू राहूनही इंटरनेट बंद पडेल.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर थेट भिंतीवरच्या सॉकेटला लावा. राउटर आणि कॉन्सन्ट्रेटर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर नकोत. वायरी चालण्याच्या वाटेत आणू नका. वयस्कर माणसाचा पाय अडकून खुब्याचे हाड मोडणे हा राउटरच्या लहरींपेक्षा कितीतरी खरा धोका आहे.

रिपोर्ट खासगी राहतील का?

डब्यावर लिहिलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. राउटरला डब्ल्यूपीए2 किंवा डब्ल्यूपीए3 सुरक्षा असावी आणि कंपनीकडून सॉफ्टवेअरच्या सुधारणा मिळत असाव्यात. छोटा दवाखाना, लॅब किंवा औषधाचे दुकान असेल तर ‘गेस्ट नेटवर्क’ची सोय असलेलाच राउटर घ्या. येणाऱ्या-जाणाऱ्यांना ते वेगळे नेटवर्क द्या. रुग्णांच्या नोंदी असलेला संगणक त्यावर नको.

खरेदीपूर्वी विचारा

• दोन्ही बँड आहेत का?
• आपल्या इंटरनेट जोडणीवर हा राउटर चालेल का?
• यूपीएस जोडता येतो का?
• सिग्नल खाटेपर्यंत पोहोचला नाही तर बदलून मिळेल का?
• दुरुस्ती जवळपास होते का?

वाट पाहू नका

छातीत दुखणे, दम लागणे, तोंड वाकडे होणे, हात-पाय अचानक लुळे पडणे, बोलणे अडखळणे किंवा शुद्ध हरपणे, यांपैकी काहीही झाले तर व्हिडिओ कॉल जुळवत बसू नका. लगेच 108 ला फोन करा. त्यासाठी इंटरनेट लागत नाही. हा क्रमांक, डॉक्टरांचा नंबर आणि चालू औषधांची यादी कागदावर लिहून रुग्णाच्या खाटेजवळ लावून ठेवा.