जिवाणूंचा संवाद तोडणारी वनस्पतिद्रव्ये

समुद्रातील प्रकाशमान जिवाणू विरळ असताना अंधारातच राहतात आणि दाटी झाल्यावरच उजळतात, हे केनेथ नील्सन, टेरी प्लॅट आणि वुडलँड हेस्टिंग्ज यांनी १९७० साली दाखवले. प्रत्येक पेशी बाहेर सोडत असलेला संकेतरेणू ठरावीक प्रमाणापलीकडे साचला की साऱ्या वसाहतीची विशिष्ट जनुके एकदम कार्यान्वित होतात, आणि या यंत्रणेला १९९४पासून ‘कोरम सेन्सिंग’ असे नाव मिळाले. स्यूडोमोनास एरुजिनोसासारखे रोगकारक जिवाणू विषारी द्रव्ये केव्हा स्रवायची हे अशाच संकेतांवरून ठरवतात, आणि बायोफिल्मच्या, म्हणजे शर्करा, प्रथिने व डीएनए यांच्या स्वनिर्मित चिकट आवरणात रुतलेल्या वसाहतीच्या, घडणीवरही त्यांचा प्रभाव असतो. कॅथेटरवर किंवा कृत्रिम सांध्यावर असा थर जमला, की एरवी परिणामकारक ठरणारे प्रतिजैविकही आतल्या पेशींपुढे बरेचदा निष्प्रभ ठरते.

जिवाणूंना मारण्याऐवजी त्यांचा संवाद तोडण्याची कल्पना निसर्गात आधीच वापरात होती. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरील डेलिसिया पुल्क्रा या लाल शैवालावर जिवाणूंचे थर फारसे चढत नाहीत, कारण त्यातील संकेतरेणूंशी साधर्म्य असलेल्या हॅलोजनयुक्त फ्युरॅनोन या द्रव्यांमुळे संकेत ओळखणारे प्रथिन लवकर नष्ट होते, असे न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील स्टॅफन केलबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनातून पुढे आले. त्यावर बेतलेल्या सी-३० या कृत्रिम रेणूने उंदरांच्या फुप्फुसांतील संसर्ग हटण्यास मदत केली (२००३), तरी या वर्गातील द्रव्यांची विषाक्तता औषधाच्या वाटेत आडवी आली. मारायचे नाही म्हणजे प्रतिकारही निर्माण होणार नाही, हा सुरुवातीचा आशावादही फार काळ टिकला नाही. रेणू पेशीबाहेर फेकणारे पंप वाढलेले उत्परिवर्तित जिवाणू सी-३०ला दाद देत नाहीत, असे २०१२मध्ये दिसून आले.

मराठी घरांतील लसूण, दालचिनी आणि हळद यांची नावे या संशोधनात वारंवार येतात, आणि तेवढ्यावरून आपल्याकडे निघणारे निष्कर्ष मात्र फार घाईचे असतात. लसणातील अजोईन हे गंधकयुक्त द्रव्य स्यूडोमोनासमधील लहान नियामक आरएनएंना रोखते, ही नोंद भक्कम आहे. परंतु सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक फुप्फुसविकाराच्या २६ रुग्णांवरील प्राथमिक चाचणीत (२०१०) लसणाच्या कॅप्सूलचा लक्षणीय लाभ आढळला नाही. हळदीतील कर्क्युमिन तर आतड्यातून रक्तात अत्यल्प उतरते, शिवाय अनेक चाचणीपद्धतींत ते फसवे सकारात्मक निकाल देते. क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेसियम या जिवाणूचा कोरम सेन्सिंगवर अवलंबून असलेला जांभळा रंग नाहीसा होणे हा या क्षेत्रातला आवडता पुरावा आहे. पण पेशींची वाढच खुंटली असेल तरीही रंग जातोच, म्हणून वाढीचे मोजमाप सोबत नसलेल्या निबंधांवर विसंबणे धोक्याचे आहे.

त्या मानाने प्रतिजैविकाची जोड अधिक आश्वासक वाटते, कारण लसणाच्या अर्काने दुबळी केलेली स्यूडोमोनासची बायोफिल्म प्रयोगशाळेत टोब्रामायसिनला बळी पडली आहे.