कोंड्याचा मांडा : घरगुती काटकसरीमागील धान्यशास्त्र

मराठीत कर्तबगार गृहिणीचे वर्णन ‘कोंड्याचा मांडा करणारी’ असे केले जाते. मांडा हा बारीक पिठाचा, नाजूक हाताने करावयाचा पदार्थ. तर कोंडा म्हणजे पीठ चाळल्यावर चाळणीत उरणारा भाग. जे इतरांनी टाकून दिले असते त्यातून घरच्यांना आवडेल असे काही निर्माण करण्याचे कौशल्य या वाक्प्रचारात गौरविले आहे. बंगळूरुसारख्या महानगरातील सदनिकेत, जिथे धान्य दहा मिनिटांत दारी येते, तिथे या कौशल्याची गरज उरली आहे का, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो.

आकडे पाहता ती गरज वाढली आहे, असेच म्हणावे लागते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ या वर्षी जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातील जवळजवळ ६० टक्के घरांतून गेले. भारतातील घरगुती नासाडीचा अंदाज दरडोई वर्षाला ५५ किलो इतका आहे. त्यात साली, बिया, देठ अशा भागांचाही समावेश होतो. शेतातून निघालेले धान्य मळणी, वाहतूक आणि गोदाम यांतून सुखरूप बाहेर पडून अखेर आपल्या स्वयंपाकघरात किडते, तेव्हा त्यासाठी वापरलेले पाणी, खत आणि शेतकऱ्याचे श्रम हे सारेच व्यर्थ जाते.

जुन्या घरांतील काटकसर ही प्रामुख्याने पदार्थ नासण्यापूर्वी घेतलेली दक्षता होती. नासलेले गोड मानून खाणे ही काटकसर नव्हे. काटकसर फसल्यानंतर उरलेली ती नामुष्की होय. हा भेद ध्यानी ठेवून जुन्या सवयींकडे पाहिले, तर त्यांतील कोणत्या जपाव्यात आणि कोणत्या सोडाव्यात हे ठरविणे सोपे जाते.

पेव, हगेवु आणि डबा

एखाद्या गोष्टीचा अचानक सुळसुळाट झाला की आपण ‘पेव फुटले’ असे म्हणतो. हे पेव म्हणजे जमिनीतील धान्यकोठार. सांगलीजवळच्या हरिपूर येथील हळदीची पेवे प्रसिद्ध आहेत. २००५ च्या महापुरात त्यांतील अनेकांचे मोठे नुकसान झाले. जुन्या म्हैसूर प्रांतात नाचणी साठविण्यासाठी अशीच भूमिगत कोठारे असत. कन्नडमध्ये त्यांना ‘हगेवु’ म्हणतात. प्रदेश दोन, भाषा दोन, परंतु तत्त्व एकच.

पेव बंद केल्यावर आतील धान्य, कीटक आणि सूक्ष्मजीव श्वसनावाटे प्राणवायू वापरून टाकतात आणि कर्बवायू साठत जातो. प्राणवायू पुरेसा घटला की किडीची वाढ थांबते व ती मरते. पेव उघडल्यावर काही काळ ते तसेच मोकळे ठेवल्याखेरीज माणसाने आत उतरू नये, हा दंडक याच कारणाने होता. याच तत्त्वावर १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आफ्रिकेतील कॅमेरून देशात चवळी साठविण्यासाठी तीन थरांच्या हवाबंद पिशव्या विकसित झाल्या आणि पुढे त्या अनेक देशांत पोहोचल्या.

हे कारण समजले की सदनिकेतील डबा कसा भरावा हेही समजते. अर्धा रिकामा मोठा पिंप हे पेव नव्हे; त्यात किडीला पुरेल इतकी हवा असते. वर्षाचे धान्य एका पिंपात न ठेवता घट्ट झाकणाच्या लहान डब्यांत काठोकाठ भरावे. रोजच्या वापराचा डबा वेगळा ठेवावा आणि तो संपल्यावरच पुढचा उघडावा.

मात्र ओलसर धान्य हवाबंद केले तर ते कुबट होते व त्याला बुरशी लागते. तृणधान्यांत साठवणीच्या वेळी ओलावा सुमारे १२ टक्क्यांपर्यंत असावा. तो तपासण्याची घरगुती रीत अशी : काचेच्या कोरड्या बाटलीत थोडे कोरडे मीठ आणि धान्य घेऊन हलवावे व थोडा वेळ ठेवावे. मीठ काचेला चिकटले तर ओलावा साधारण १५ टक्क्यांहून अधिक आहे असे समजावे. मीठ न चिकटल्यास धान्य त्याहून कोरडे आहे इतकेच कळते. म्हणून दाणा दाताखाली ‘कट्’ असा आवाज करून फुटतो का, हेही पाहावे. उन्हात वाळविलेले धान्य पूर्ण थंड झाल्यावरच डब्यात भरावे. अन्यथा झाकणाच्या आत पाणी जमते.

बंगळूरुच्या हवामानाचाही विचार करावयास हवा. महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत जून ते सप्टेंबर हा ओलाव्याचा काळ असतो. येथे नैर्ऋत्य मोसमी पावसानंतर ईशान्य मोसमी पावसाच्या सरीही येतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे सर्वाधिक पावसाचे महिने ठरतात. त्यामुळे गावाकडची ‘दिवाळीपूर्वी एकदा ऊन दाखवावे’ ही सवय येथे जशीच्या तशी लागू पडत नाही. डब्यांची तपासणी ऑगस्टमध्ये जेव्हा कोरडे, स्वच्छ ऊन मिळेल तेव्हा आणि पुन्हा नोव्हेंबरअखेर करणे अधिक उचित होय.

कडधान्यांची राखण

मूग, चवळी, हरभरा यांसारख्या कडधान्यांना लागणारा भुंगेरा अख्ख्या दाण्याच्या गुळगुळीत पृष्ठभागावर अंडी चिकटवितो. अळी दाण्यात शिरून आतला गर खाते आणि आपल्याला दिसते ते केवळ प्रौढ किडा बाहेर पडल्यानंतरचे गोल छिद्र. म्हणजे कीड दिसते तेव्हा नुकसान होऊन गेलेले असते. काढणीपश्चात नुकसानीविषयी लुधियाना येथील केंद्रीय संस्थेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कडधान्यांची हानी सुमारे ६.४ ते ८.४ टक्के आढळली होती. घरात होणारी नासाडी त्यापुढची.

जुन्या घरांत नवी तूर आली की तिची लगोलग डाळ केली जाई. डाळीवर साल नसते, त्यामुळे या भुंगेऱ्याला ती फारशी मानवत नाही. अख्ख्या कडधान्याला एरंडेल चोळण्याची प्रथाही सशास्त्र आहे. तेलाच्या पातळ थरामुळे अंड्यांना हवा मिळत नाही व ती मरतात. किलोमागे ५ ते १० मिलिलिटर तेल पुरे होते. एरंडेलाऐवजी शेंगदाण्याचे तेलही चालते. तेल चोळलेले कडधान्य शिजविण्यापूर्वी धुवून घ्यावे. कडुनिंबाचा पाला ठेवावयाचा असल्यास पूर्ण सुकलेलाच ठेवावा, कारण हिरव्या पाल्यासोबत ओलावाही डब्यात जातो. मात्र केवळ पाल्यावर विसंबून राहू नये.

ऊन देण्याची रीत थोडी सुधारता येते. गच्चीवर काळे कापड पसरून त्यावर कडधान्याचा पातळ थर द्यावा व वर पारदर्शक प्लास्टिकचा कागद अंथरून कडा दाबाव्यात. चवळीच्या भुंगेऱ्यावरील संशोधनात दाण्याचे तापमान ५७ अंश सेल्सिअसवर तासभर राहिल्यास अंड्यापासून प्रौढापर्यंत सर्व अवस्था मरतात, असे दिसून आले आहे. बंगळूरुत हे काम मार्च-एप्रिलच्या कोरड्या उन्हात उरकावे.

सांडगे आणि संडिगे

उन्हाळ्यातील वाळवण हे मराठी घराचे वार्षिक बँकखातेच होते. सांडगे, कुरडया, पापड, सांडगी मिरची यांत भाजीचा हंगामी सुकाळ पावसाळ्यासाठी राखून ठेवला जाई. शहाजीराजांच्या जहागिरीच्या काळापासून मराठी भाषा कानी पडत असलेल्या या शहरात मराठी सांडगे आणि कन्नड संडिगे शेजारी शेजारी वाळत असतात. दही व मीठ लावून वाळविलेली मिरची तर दोन्हींकडे सारखीच प्रिय आहे.

सूक्ष्मजीवांना वाढीसाठी मोकळे पाणी लागते. ऊन ते काढून घेते, मीठ उरलेले बांधून ठेवते आणि ताकातील आम्लता जंतूंची वाढ रोखते. एकाच पदार्थात असे तीन अडथळे उभे केले जातात. तुकडे पातळ व सारख्या आकाराचे करण्यामागेही कारण आहे : जाड तुकडा बाहेरून कडक आणि आतून ओला राहतो व डब्यात शेजाऱ्यांनाही बिघडवितो. ज्यांना गच्ची उपलब्ध नाही त्यांनी सज्जात जाळीच्या ताटांत थोडे थोडे वाळवण करावे; एका दिवसात मोठा घाट घालण्यापेक्षा ते सुरक्षित ठरते.

सालीपासून मातीपर्यंत

दोडक्याच्या शिरांची चटणी मराठी घरांत होते, तशीच ‘हीरेकायी सिप्पे’ चटणी कन्नड घरांत होते. मुळ्याचा पाला, फणसाच्या आठळ्या, लाल भोपळ्याच्या बिया, कलिंगडाच्या सालीचा पांढरा गर यांना स्वयंपाकात स्थान देणे म्हणजे त्याच पैशांत अधिक पोषण मिळविणे होय. साली वापरताना त्या वाहत्या पाण्यात चोळून धुणे मात्र अगत्याचे आहे.

डिसेंबर-जानेवारीत बंगळूरुचे बाजार अवरेकायीच्या शेंगांनी भरून जातात. हा आपल्या ओळखीचा वाल-पावटाच. दाणे भिजवून साल काढले की कन्नडमध्ये ‘हितकिद बेळे’ आणि मराठीत बिरडे. हंगामात शेंगा स्वस्त असताना दाणे सोलून वाळवून ठेवल्यास वर्षभर पुरतात. हेसरघट्टा येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेने या पिकाचे ‘अर्का जय’ आणि ‘अर्का विजय’ हे बुटके, झुडपासारखे वाढणारे वाण विकसित केले आहेत. दिवसाच्या लांबीवर ते अवलंबून नसल्याने इतर हंगामांतही घेता येतात व गच्चीवरील मोठ्या कुंडीत सामावतात.

त्या कुंडीची माती घरातच तयार होऊ शकते. या शहरात कचऱ्याचे वर्गीकरण बंधनकारक आहे; २०१५ च्या अखेरीस उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ‘दोन डबे व एक पिशवी’ ही पद्धत रूढ झाली. मावळ्ळीपुरा आणि मंडूर या गावांनी शहराच्या कचऱ्याची दुर्गंधी वर्षानुवर्षे सोसली, ही पार्श्वभूमी विसरता येणार नाही. खालून व बाजूंनी छिद्रे असलेल्या पिंपात ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर सुक्या पाल्याचा थर द्यावा आणि आठवड्यातून एकदा ते वरखाली करावे. दुर्गंधी आली तर हवा कमी पडली किंवा ओल अधिक झाली असे समजून सुका पाला वाढवावा. दीड-दोन महिन्यांत मातीचा वास असलेले काळसर खत मिळते.

पाण्याचेही तेच. शहरात कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून, चढावर उपसून आणले जाते. मार्च २०२४ मधील टंचाईत पिण्याचे पाणी बागेला किंवा वाहन धुण्यास वापरल्यास ५,००० रुपये दंड आकारण्याचा आदेश निघाला होता. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी झाडांना घालण्याची आजीची सवय अशा वेळी कायद्याच्या बरोबरीची ठरते. त्याहून मोठी बचत ताटात आहे : एक किलो तांदूळ पिकविण्यास सुमारे अडीच हजार लिटर पाणी लागते.

काटकसर कोठे थांबावी

१९७४ मध्ये राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या जिल्ह्यांतील गावांत काविळीची साथ पसरली. ३९७ जण आजारी पडले आणि १०६ जण दगावले. अवकाळी पावसात भिजून बुरशी लागलेला मका लोकांनी खाल्ला होता. त्यांच्यापाशी दुसरे धान्य नव्हते. अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीने निर्माण केलेले अफ्लाटॉक्सिन हे विष धुण्याने, भाजण्याने वा शिजविण्याने पुरेसे नाहीसे होत नाही. बसवनगुडीच्या कडलेकायी परिषेत, कार्तिकातील अखेरच्या सोमवारी, हौसेने घेतलेल्या शेंगांनाही हेच लागू आहे. रंग बदललेले, सुरकुतलेले, बुरशीचे किंवा कडवट लागणारे दाणे वेचून टाकावेत. त्यांची चटणी करू नये आणि ते गुरांनाही घालू नयेत, कारण हे विष दुधात उतरते.

तळणीच्या तेलाची गोष्टही अशीच. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार १ जुलै २०१८ पासून एकूण ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक झालेले तेल वापरता येत नाही. घरात हे मोजता येत नसले तरी काळवंडलेले, फेसाळणारे, लवकर धुरावणारे तेल निकामी समजावे. फोडणीच्या भाताची काटकसर रात्रीच सुरू होते. काही जिवाणूंचे बीजाणू शिजविल्यानंतरही तग धरतात आणि उबदार भातात वाढून विष तयार करतात. सकाळच्या फोडणीने ते विष जात नाही. म्हणून उरलेला भात पसरट भांड्यात लवकर निववून दोन तासांच्या आत शीतकपाटात ठेवावा.

या तिन्ही उदाहरणांत चूक शेवटच्या क्षणी झालेली नाही. मका वेळीच वाळला असता, तेल बेताने ओतले असते आणि भात मोजून शिजविला असता तर टाकण्याचा किंवा धोका पत्करण्याचा प्रसंगच आला नसता. म्हणून आरंभ भाताच्या मापापासून करावा. आठवडाभर रोज किती उरते व किती टाकले जाते याची नोंद ठेवावी आणि पुढील आठवड्यात माप तेवढे कमी करावे. त्यानंतर कोरड्या दिवशी एक डबा उघडून मूठभर धान्य ताटात पसरावे, ते निरखावे आणि मिठाच्या बाटलीची परीक्षा करून पाहावी.