मासेमारी होडीवरील बॅटरी-चार्जरची निवड

कोकण किनाऱ्यावरील शेतकरी हा पुष्कळ ठिकाणी नुसता शेतकरी नसतो. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा तो भाताची लावणी करतो आणि १ ऑगस्टला बंदी उठली की त्याच घरातील माणसे होडी पाण्यात लोटतात. त्यामुळे खताची मात्रा विचारावयास आलेला बागायतदार जाता जाता होडीच्या बॅटरीविषयीही विचारतो. प्रस्तुत लेखकास असे प्रश्न वारंवार आले आणि पहिल्या खेपेस त्याने दिलेला सल्ला चुकीचा ठरला, हे आरंभीच नमूद करावयास हवे.

खाडीमुखाशी राहणाऱ्या एका बांधवाची फायबरची होडी आहे. बॅटरी वारंवार उतरते अशी त्यांची तक्रार होती. मोटार गॅरेजात वापरतात तसला स्वस्त चार्जर होडीवरच बसवून घ्यावा, असे मी सुचविले. तीन महिन्यांत बॅटरीतील पाणी आटून पत्रे उघडे पडले. एके पहाटे, किनारा दिसत नाही अशा अंतरावर, इंजिनाचा स्टार्टर फिरेना, बिनतारी संचही बोलेना. भरती त्यांच्या बाजूची होती म्हणून दोघे खलाशी वल्ह्यांनी परत आले. चूक बॅटरीची नव्हती, चार्जरच्या निवडीची होती.

त्या चार्जरात काय उणे होते? बॅटरी भरत आली म्हणजे तिला जाणारा प्रवाह कमी व्हावा आणि दाब एका मर्यादेवर थांबावा लागतो. साध्या रोहित्राच्या चार्जरास ही समज नसते. प्रवाह मंदावतो, परंतु दाब चढतच राहतो. मग विजेने पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन व प्राणवायू निघून जातात आणि बॅटरी कोरडी पडते. हवेत हायड्रोजनचे प्रमाण शेकडा चार झाले तरी ठिणगीने स्फोट होऊ शकतो. होडीच्या बंद कप्प्यात, पेट्रोलच्या टाकीशेजारी, हे किती घातक आहे हे निराळे सांगावयास नको.

होडीसाठी घ्यावयाचा चार्जर तीन टप्प्यांत काम करणारा असावा. पहिल्या टप्प्यात तो पूर्ण प्रवाह देतो. दुसऱ्यात दाब सुमारे १४·४ व्होल्टवर धरून प्रवाह हळूहळू उतरू देतो. तिसऱ्यात दाब १३·५ ते १३·८ व्होल्टवर आणून बॅटरी केवळ राखतो. हे आकडे पाणी घालावयाच्या शिसे-आम्लाच्या १२ व्होल्ट बॅटरीचे आहेत. जेल बॅटरीस दाब थोडा कमी लागतो. लिथियम बॅटरीस तर तिच्यासाठीच बनविलेला चार्जर हवा. म्हणून दुकानात प्रथम आपल्या बॅटरीचा प्रकार सांगावा आणि चार्जरवर तो प्रकार निवडण्याची सोय आहे की नाही ते पाहावे. उष्णतेप्रमाणे दाब बदलणारा चार्जर मिळाल्यास उत्तम. २५ अंशांच्या वर दर अंशास दोन ते तीन शतांश व्होल्ट दाब कमी करावा लागतो आणि आपल्याकडील मे महिन्यात होडीचा कप्पा किती तापतो हे सर्वांस ठाऊक आहे.

आता चार्जर किती अँपिअरचा घ्यावा? येथे अंदाजाने न जाता हिशेब मांडावा. रात्री दहा तास समुद्रावर राहणाऱ्या लहान होडीचे उदाहरण घेऊ. मासे शोधणारे यंत्र दिशादर्शकासह तासाला सुमारे १ अँपिअर घेते, म्हणजे १० अँपिअर-तास. एल.ई.डी. दिवे दीड अँपिअरप्रमाणे १५. बिनतारी संच ऐकण्यास अर्धा अँपिअर, म्हणजे ५, व बोलण्यास प्रवाह बराच अधिक लागत असला तरी दहा मिनिटांचे बोलणे १ अँपिअर-तासात भागते. तळाचे पाणी उपसणारा पंप अर्धा तास चालला तर २. बेरीज ३३ झाली, ती ३५ धरावी. भरताना पंधरा ते वीस टक्के अधिक द्यावे लागते, तेव्हा दररोज सुमारे ४२ अँपिअर-तास परत घालावे लागतील.

होडी सकाळी सातला धक्क्यास लागते आणि दुपारी चारला निघते असे समजा. हाती नऊ तास आहेत. ५ अँपिअरच्या चार्जरास केवळ भरण्यासच साडेआठ तास लागतील आणि शेवटचा मंद टप्पा राहूनच जाईल. रोज थोडी तूट राहते आणि महिन्याभरात बॅटरी बसते. १० अँपिअरचा चार्जर हे काम सहा-सात तासांत पुरे करतो. १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीस दहा टक्के, म्हणजे १० अँपिअर, हा सोयीचा प्रवाह होय. धक्क्यावर वीज थोडाच वेळ मिळत असेल तर १५ ते २० अँपिअरचा घ्यावा, मात्र साध्या बॅटरीस विसाच्या वर जाऊ नये. विजेचा खर्च विचाराल तर तो एका दिवसास पाऊण युनिटाच्या आसपास येतो. चार बॅटऱ्या वेळेआधी फेकण्यापेक्षा तो कितीतरी स्वस्त.

इंजिन सुरू करण्याची बॅटरी निराळी आणि दिवे-यंत्रांची निराळी ठेवावी, असा माझा आग्रह आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये नौकांवर संदेशयंत्रे बसविण्याच्या देशव्यापी योजनेचा पालघर येथे आरंभ झाला. संकटात हाक देणारे यंत्र मेलेल्या बॅटरीवर विसंबून चालत नाही. दोन बॅटऱ्या असतील तर दोन स्वतंत्र वाटांचा चार्जर घ्यावा. एका बॅटरीचा दोष मग दुसरीस लागत नाही.

खारे पाणी हा चार्जरचा खरा वैरी. आय.पी. ६७ अशी खूण असलेला चार्जर एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो, तर आय.पी. २० खुणेचा घरातच ठेवावयाचा असतो. चार्जर उभ्या फळीवर, हवा लागेल अशा जागी बसवावा. बॅटरीच्या थेट वर बसवू नये, कारण आम्लाची वाफ त्यास खाते. इंधनाच्या कप्प्यात तर कदापि नको. तारा कलई केलेल्या तांब्याच्या, शक्य तितक्या आखूड असाव्यात आणि बॅटरीच्या खांबाजवळच फ्यूज असावा. गॅरेजचे चिमटे सागरी हवेत महिन्याभरात हिरवे पडतात.

धक्क्यावरील जोडणीविषयी मात्र अधिक सावध राहिले पाहिजे. ओल्या अंगाने २३० व्होल्टशी गाठ असते. जोडावर ३० मिलिअँपिअरची गळतीरोधक कळ असावी. वायर प्रथम होडीस जोडावी, मग किनाऱ्यास. काढताना याच्या उलट क्रम ठेवावा. काही ठिकाणी भूमीची तार कापून टाकण्याची रीत दिसते. तसे केल्याने इंजिनाचा पाय कमी गंजतो, ही समजूत निराधार नाही. भूमीच्या तारेने होडीचे ॲल्युमिनियम व धक्क्याचे लोखंड यांची पाण्यात एक बॅटरीच बनते आणि जस्ताचे तुकडे लवकर झिजतात. परंतु उपाय तार कापणे हा नव्हे. त्यापायी माणूस दगावू शकतो. इंजिनाचा पाय पाण्याबाहेर उचलावा, भरणे संपताच जोड काढावा, आणि होडी नित्य जोडलेली राहत असेल तर तो सूक्ष्म प्रवाह अडविणारे लहान उपकरण भूमीच्या तारेत बसवावे.

होडी वाळूवर ओढून ठेवणाऱ्यांना धक्क्याची वीज मिळत नाही. त्यांनी १०० वॅटचे सौर पटल नियंत्रकासह लावावे. स्वच्छ उन्हाच्या दिवशी ते २५ ते ३० अँपिअर-तास देते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी एक साधा मीटर जवळ बाळगावा. भरणे संपून काही तास विसावलेल्या बॅटरीचा दाब १२·६ व्होल्ट किंवा अधिक असेल तर ती पूर्ण भरलेली आहे. १२·२ म्हणजे निम्मी. बाराच्या खाली ती वारंवार जात असेल तर चार्जर अपुरा आहे किंवा वापर अधिक आहे.

बंदीच्या दोन महिन्यांत रिकामी बॅटरी तशीच पडून राहिली तर पत्र्यांवर शिशाचे सल्फेट घट्ट बसते व ती पुन्हा पूर्ण भरत नाही. म्हणून मेअखेरीस ती पूर्ण भरून, पत्रे बुडतील इतके ऊर्ध्वपातित पाणी आहे हे पाहून, हवेशीर पडवीत ठेवावी आणि लावणीच्या धांदलीतही महिन्यातून एकदा पुन्हा भरावी. आरंभी सांगितलेल्या बांधवांच्या पडवीत आता दोन बॅटऱ्या आणि १० अँपिअरचा दोन वाटांचा चार्जर असतो. तिसऱ्या हंगामातही त्याच बॅटऱ्या होडीवर चढल्या.