सहा टाक्यांचा पीळ

भिवंडीत सूत कुठे नाही? सायझिंगमधून निघालेल्या बीमवर आहे, टेम्पोत रचलेल्या कोनांच्या पोत्यांत आहे, कांड्या भरणाऱ्या बायकांच्या केसांत आणि गटाराच्या जाळीतही आहे. देशातल्या यंत्रमागांपैकी निम्म्याच्या आसपास महाराष्ट्रात आणि त्यांतले बहुतेक भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सोलापूर या चार गावांत. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला तो १९०४ साली. भिवंडीचं विणकाम त्याहून जुनं. १८५७ च्या उठावानंतर उत्तरेतून परागंदा झालेले मोमीन विणकर इथे येऊन हातमागावर बसले, पुढे हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली, तेलंगणातून पद्मशाली आले, आणि कामतघर-पद्मानगरच्या गल्ल्यांत तेलुगू रोजची भाषा झाली.

एवढ्या सुताच्या गावात कुणी दोन सुया हातात घेऊन लोकरीचं विणकाम शिकायला बसलं, की पहिल्याच दिवशी कळतं की यातलं काहीच आपल्या कामाचं नाही. हिशोब मांडून पाहू. सुताचा ‘काउंट’ म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लडी बसतात तो आकडा. ३० काउंटचं सूत किलोला जवळजवळ ५१ किलोमीटर भरतं. हातविणीचा मध्यम जाडीचा सुती धागा ५० ग्रॅममध्ये ११० मीटर, म्हणजे किलोला २२०० मीटर. तेव्हा मागावरच्या सुताचे तेवीस पदर एकत्र केले, तर कुठे सुईवर धरता येईल असा एक धागा व्हायचा. बरं, मागाचं ताण्याचं सूत खळ लावून कडक केलेलं असतं. हातविणीला मात्र मऊ, लवचीक धागा लागतो.

म्हणून गुंडा विकतच आणायचा. बाजारात ‘लोकर’ म्हणून मिळतं ते बहुधा अॅक्रिलिक असतं, आणि शिकताना त्यात काही बिघडत नाही. सुया मात्र जाणून घ्याव्यात. आपल्याकडे अजून जुन्या इंग्लिश नंबरांचा व्यवहार चालतो, आणि तो उलटा आहे: नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. आठ नंबरची सुई ४ मिलिमीटरची, दहा नंबरची सव्वातीनची. घरोघरी दिसणाऱ्या ‘पोनी’च्या सुया निलगिरीतल्या केटी गावी नीडल इंडस्ट्रीज ही कंपनी बनवते. आपल्या आज्यांनी त्या सुयांवर मुकाट बाळंतविडे विणले.

बाळंतविडा हेच आपल्याकडच्या लोकरकामाचं खरं घर. डिसेंबरातही पंखा लावून झोपणाऱ्या भिवंडीत मोठ्या माणसाच्या स्वेटरला काम नाही. पण तान्ह्या बाळाला टोपडं हवं, मोजे हवेत, आणि ते आत्याने किंवा मावशीने विणलेले हवेत. याखेरीज एकदा स्वेटरांची लाट आली होती ती १९६२ च्या चीन युद्धात. देशभर बायका हिमालयातल्या जवानांसाठी सुया घेऊन बसल्या.

तर मुद्दा केबलचा. स्वेटरच्या पुढच्या भागावर दोरखंडासारखे उठावदार पीळ दिसतात ना, ती केबलची वीण. काही जणी तिला वेणीची वीण म्हणतात. नवशिक्या तिला घाबरतात. सुलट आला, उलट आला, एक सुलट एक उलटची बॉर्डर आली, तरी वर्षानुवर्षं ‘ते मला नाही बाई जमायचं’ म्हणून केबल टाळणाऱ्या कितीतरी जणी मी पाहिल्यात. माझ्या मते ही भीती अगदी फुकटची आहे. केबलमध्ये नवा टाका एकही नाही. असलेले टाके रांग मोडून विणायचे, एवढंच.

हातात घेऊनच बघा. आठ नंबरच्या सुईवर अठरा टाके घाला. पहिली ओळ सहा उलट, सहा सुलट, सहा उलट. परतीच्या ओळीत समोर जसा दिसेल तसा टाका विणायचा, म्हणजे सहा सुलट, सहा उलट, सहा सुलट. अशा चार ओळी झाल्या की मधल्या सहा टाक्यांची गुळगुळीत पट्टी दोन्ही बाजूंच्या खरबरीत जमिनीतून वर आलेली दिसते. हे उलट टाके महत्त्वाचे. ते नसतील तर पीळ पडतो, पण डोळ्यांत भरत नाही.

पाचव्या ओळीत गंमत. सहा उलट विणून झाले की पुढचे तीन टाके न विणता एका आखूड तिसऱ्या सुईवर उतरवून घ्या. केबलची खास सुई मधे वाकडी असते, पण नसली तर दोन्ही टोकांनी निमुळती काडीही चालते. ते तीन टाके कामाच्या पुढे, आपल्या अंगाकडे लोंबत ठेवा. आता डाव्या सुईवरचे त्यांच्यानंतरचे तीन टाके सुलट विणा. इथे हात आखडतो, कारण धाग्याला उडी मारून पलीकडे जायचं असतं. मग काडीवरचे तीन टाके सुलट विणून घ्या. उरलेले सहा उलट. झाला पीळ, डावीकडे कलणारा. काडी पुढे धरण्याऐवजी कामाच्या मागे धरली असती तर तो उजवीकडे कलला असता. पुढे डावा, मागे उजवा, एवढं ध्यानात राहिलं की जगातल्या निम्म्या केबल विणता येतात.

त्यानंतर पाच साध्या ओळी आणि अकराव्या ओळीत पुन्हा पीळ, मग सतराव्या. जितके टाके तितक्या ओळींनी पीळ, हा ढोबळ नियम. दर खेपेला काडी पुढेच ठेवली तर दोरखंड होतो. एकदा पुढे, एकदा मागे केली तर नागमोडी लाट. नऊ टाके घेऊन एका खेपेला पहिल्या सहांचा उजवा पीळ आणि पुढच्या खेपेला शेवटच्या सहांचा डावा पीळ घातला, की शाळेत जाताना आई घालायची तशी तिपेडी वेणी सुईवर उतरते.

शिकवणाऱ्या काकू असतील तर त्या एकच वाक्य पुन्हापुन्हा ऐकवतात: “अगं, ओढू नकोस, सैल सोड.” त्यांचं खरं असतं. नवशिकी पीळ पडल्यावर भोक दिसू नये म्हणून धागा करकचून ओढते, आणि पुढच्या ओळीत सुई आत शिरेनाशी होते. दुसरी फसगत ओळी मोजण्यात होते. सरळ बाजूच्या ओळीतच पीळ येतो हे विसरलं की सगळं बिनसतं. पीळ घातलेल्या ओळीत एक सेफ्टी पिन अडकवून ठेवली तर मोजणी सोपी. पीळ उलट्या दिशेला पडल्याचं दहा ओळींनंतर लक्षात आलं, तरी सगळं उसवू नये. फक्त ते सहा टाके सुईवरून सोडून खालपर्यंत उतरवायचे, पीळ बदलायचा आणि शिडीसारखे दिसणारे धागे एकेक करून पुन्हा वर चढवायचे. आणि एक: पीळ कापडाला आत ओढतो. बॉर्डरनंतर प्रत्येक केबलसाठी एक-दोन टाके वाढवले नाहीत, तर टोपडं बाळाच्या मामाने आणलेल्या बाहुलीला होतं.

आता या विणीभोवतीच्या दंतकथेकडे. आयर्लंडच्या पश्चिमेला अॅरन नावाची बेटं आहेत. तिथल्या केबलच्या स्वेटरांची नक्षी हजार वर्षांची, प्रत्येक घराण्याची वेगळी, आणि समुद्रात बुडालेल्या कोळ्याचं प्रेत त्यावरून ओळखायचे, असं दुकानदार हमखास सांगतात. जे. एम. सिंग यांच्या ‘रायडर्स टू द सी’ या १९०४ च्या नाटकात बहीण बुडालेल्या भावाला ओळखते खरी, पण मोज्याच्या टाक्यांच्या मोजणीवरून. घराण्याच्या नक्षीचा त्यात मागमूस नाही. प्राचीनतेची कथा रंगवली ती ऑक्सफर्डमधल्या लोकरीच्या दुकानाचे मालक हाइन्झ एडगर कीवे यांनी. १९३६ साली डब्लिनमध्ये त्यांना असा एक स्वेटर मिळाला आणि त्याचा धागा त्यांनी थेट मध्ययुगीन मठांपर्यंत नेऊन भिडवला. ती कथा उसवली रिचर्ड रट यांनी. हे लेस्टरचे बिशप, कोरियन कवितेचे अनुवादक आणि स्वतः विणणारे. त्यांचा हातविणीचा इतिहास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. अॅरनचा स्वेटर विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. १८९१ साली तिथल्या गरीब किनारपट्टीसाठी सरकारी मंडळ नेमलं गेलं, उद्योग आले, बाहेरची माणसं आली, आणि बेटावरच्या हुशार बायकांनी कोळ्यांच्या जुन्या जर्सीत आपली भर घातली. म्हणजे हा स्वेटर आपल्या यंत्रमागाच्याच वयाचा. मला तर खरी गोष्ट खोटीपेक्षा जास्त आवडते. तिच्यात पोटासाठी विणणाऱ्या बायका आहेत.

मागाला असा पीळ घालता येतो का, हा प्रश्न भिवंडीत पडणारच. मागावर ताण्याचे धागे फणीतून ओवले की त्यांची रांग ठरून जाते. उभा धागा शेजाऱ्याला ओलांडत नाही. अपवाद एक, लेनो वीण. कांद्याची जाळीदार गोणी हातात घ्या. लेनोची असेल तर उभे धागे जोडीजोडीने एकमेकांना वेढा घालताना दिसतील आणि त्या वेढ्यात आडवा धागा आवळलेला असेल. म्हणून जाळी विरळ असूनही सरकत नाही. बिनधोट्याच्या नव्या मागांवर कापडाची कड याच युक्तीने बांधतात. पण तिथे एक धागा एकालाच ओलांडतो, आणि त्यासाठी वेगळी यंत्रणा बसवावी लागते. तीन टाक्यांनी तीन टाके ओलांडायचे तर धाग्याची मोकळी कडी हवी, ती सुयांच्या विणकामातच असते. विणकामाच्या यंत्रांनाही हे सुचायला वेळ लागला. विल्यम ली याने मोजे विणायचं यंत्र १५८९ मध्ये केलं. आज जपानी आणि जर्मन संगणकी यंत्रं केबलचे टाके आपोआप या सुईवरून त्या सुईवर नेतात. लुधियानाच्या हातयंत्रांवर मात्र कारागीर अजून छोट्या अवजाराने एकेक कडी उचलून पलीकडे ठेवतो. काडीवर तीन टाके घेणारी मुलगी तेच करत असते.

तेव्हा या सुट्टीत शिकायला बसणार असाल तर फिक्या रंगाचा गुळगुळीत गुंडा घ्या, कारण काळ्या किंवा केसाळ लोकरीत पीळ दिसत नाही आणि टाके मोजता येत नाहीत. सुती धाग्याचा मोह पहिल्या खेपेला टाळा, तो ताणला जात नसल्यामुळे बोटं दुखतात. स्वेटरला हात घालू नका. अठरा टाक्यांची वीतभर पट्टी विणा आणि दुसरा पीळ झाला की पहिल्याच्याच दिशेने पडलाय ना, एवढं थांबून पाहून घ्या.